परदेशी चित्रशाळेतील मराठी विद्यार्थिनी

चित्रकला, शिल्पकला किंवा मुद्राचित्रण शिकण्यासाठी परदेशी गेलेल्या विद्यार्थिनीचे जीवन आपल्याकडे बहुधा दोन टोकांवरून पाहिले जाते. एका बाजूला पॅरिस-लंडनच्या नावाभोवतीची मोहिनी असते, आणि दुसऱ्या बाजूला खर्च, एकटेपण व पुढील उत्पन्न यांविषयीची पालकांची रास्त काळजी असते. या दोहोंच्या मधला जो भाग आहे, म्हणजे ती मुलगी तेथे रोज नेमके काय शिकते, कशी शिकते, कोणत्या नियमांत राहते आणि परत येताना तिच्या हाती काय असते, त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही. वैद्यक, अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्र यांसाठी परदेशी जाणाऱ्या मुलींची वाट आता ग्रामीण महाराष्ट्रालाही परिचित झाली आहे. कलेची वाट त्यामानाने अपरिचित राहिली असली तरी ती नवी नाही, आणि सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यासारख्या अवर्षणप्रवण भागालाही तिचा धागा जवळचा आहे.

या वाटेचा इतिहास आणि तिचे आजचे स्वरूप एकत्र पाहिले म्हणजे एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. परदेशी चित्रशाळेचा खरा लाभ त्यांनाच झाला, ज्या तेथे जाण्यापूर्वी आपल्या भूमीत भरपूर काम करून गेल्या होत्या किंवा परतल्यावर त्या भूमीकडे नव्याने पाहू शकल्या. त्यामुळे परदेशी कलाशिक्षणाची तयारी विमानतळावर सुरू होत नाही. ती शाळेतील चित्रकलेच्या तासाला सुरू होते.

औंध संस्थानचा वारसा

आटपाडी आज सांगली जिल्ह्यात असली तरी १९४८ मध्ये संस्थाने विलीन होईपर्यंत ती औंध संस्थानाचा भाग होती. सातारा, सोलापूर आणि विजापूर या भागांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले हे संस्थान आकाराने लहान होते, परंतु त्याचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे स्वतः चित्रकार होते आणि चित्रकलेचे जाणते आश्रयदाते होते. त्यांनी रामायणावरील चित्रमालिका रंगवली, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा अभ्यास करून त्यांवर ग्रंथ लिहिला, आणि १९३८ मध्ये औंध येथे श्री भवानी संग्रहालय उभारले. राजा रविवर्मा आणि म. वि. धुरंधर यांची चित्रे, बंगाल शैलीतील कामे, युरोपीय चित्रांच्या प्रतिकृती आणि हेन्री मूर या इंग्लिश शिल्पकाराचे माता व बालक या विषयावरील शिल्प असा संग्रह एका डोंगराच्या कुशीत, महानगरांपासून दूर उभा राहिला, ही घटना भारतीय कलेच्या इतिहासात विरळ आहे. संग्रहालयाच्या उभारणीनंतर लगेचच, १९३९ मध्ये, याच संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत स्थापन झाली. कलेचा आश्रय आणि सामाजिक प्रयोग हे दोन्ही त्या काळी या प्रदेशात एकाच वेळी चालू होते.

युरोपमधील कलाशिक्षणाचा थेट अनुभवही या छोट्या संस्थानाच्या वाट्याला आला. वेदांचे अभ्यासक म्हणून विख्यात असलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे मूळचे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार होते आणि त्यांचे दीर्घकाळ वास्तव्य औंधला होते. त्यांचे पुत्र माधव सातवळेकर (१९१५–२००६) यांनी जे. जे.तील शिक्षणानंतर १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोप गाठला, आणि फ्लॉरेन्सची अकादमी, लंडनचे स्लेड स्कूल व पॅरिसची ग्रांद शोमिएर ही चित्रशाळा अशा तीन ठिकाणी शिक्षण घेतले. पुढे ते महाराष्ट्राच्या कला संचालनालयाचे संचालक झाले. म्हणजे औंधसारख्या गावात वाढलेला मुलगा फ्लॉरेन्सला चित्रकला शिकायला जाऊ शकतो, हे या परिसराने स्वातंत्र्यापूर्वीच पाहिले होते. मुलीसाठी मात्र ही वाट त्या काळी बरीच अरुंद होती, आणि त्याची कारणे केवळ भारतीय समाजात नव्हती. ती युरोपच्या कलाशाळांतही होती.

युरोपातील बंद दारे

युरोपीय चित्रकलेच्या शिक्षणात मानवी देहाच्या अभ्यासाला मध्यवर्ती स्थान होते. वस्त्रहीन किंवा अल्पवस्त्र व्यक्तीला समोर बसवून तिच्या देहाची ठेवण, स्नायू, तोल आणि प्रमाण यांचे रेखाटन करण्याच्या या वर्गाला जीवचित्रणाचा वर्ग म्हणतात. ऐतिहासिक व पौराणिक प्रसंगांची मोठी चित्रे रंगवण्यासाठी हा अभ्यास अत्यावश्यक समजला जाई, आणि स्त्रियांनी अशा वर्गात बसणे असभ्य मानले गेल्यामुळे त्यांना उच्च दर्जाच्या चित्रप्रकारांपासूनच दूर ठेवले गेले. व्यक्तिचित्र, फुले आणि स्थिरचित्र, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंचे चित्र, एवढेच क्षेत्र त्यांच्या वाट्याला उरले.

लंडनच्या रॉयल अकादमीच्या शाळेत १८६० मध्ये लॉरा हरफर्ड या तरुणीला प्रवेश मिळाला, तो तिने अर्जासोबतच्या चित्रावर नावाचे केवळ आद्याक्षर लिहिले होते म्हणून; परीक्षकांना ते काम पुरुषाचे वाटले होते. पॅरिसच्या सरकारी एकोल दे बोझार या मातब्बर कलाशाळेने स्त्रियांना प्रवेश देण्यास १८९७ उजाडावे लागले. तोपर्यंत स्त्रिया खासगी चित्रशाळांत पैसे भरून शिकत, आणि त्यांतील अकादेमी ज्युलियाँ ही विशेष प्रसिद्ध होती. १८७१ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या स्लेड स्कूलने मात्र आरंभापासून स्त्रियांना प्रवेश दिला.

मुंबईत जे. जे. कलाशाळेची स्थापना १८५७ मध्ये झाली. म. वि. धुरंधर यांची कन्या अंबिका धुरंधर यांनी १९३१ मध्ये तेथील पदविका मिळवली, तेव्हा अशी पदविका मिळवणाऱ्या त्या पहिल्या काही स्त्रियांपैकी एक होत्या. वैद्यकाची वाट मात्र त्याआधीच खुली होऊ लागली होती. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकाच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या होत्या, आणि जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी स्थापन केलेल्या निधीचा लाभ घेणाऱ्या आरंभीच्या विद्यार्थ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. स्त्रीरुग्णांसाठी स्त्री डॉक्टर हवी ही समाजाची गरज असल्यामुळे त्या वाटेला काही पाठबळ मिळाले. चित्रकलेसाठी मुलीला दूर पाठवावे, अशी निकड समाजाला जाणवत नव्हती, आणि म्हणूनच ही वाट उलगडायला आणखी काही दशके लागली.

अमृता शेरगिल यांचे उदाहरण

भारतीय स्त्रीने युरोपात घेतलेल्या कलाशिक्षणाचे सर्वांत परिचित उदाहरण अमृता शेरगिल (१९१३–१९४१) यांचे आहे. शीख पिता आणि हंगेरियन माता यांच्या पोटी बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या अमृता १९२९ मध्ये, सोळाव्या वर्षी, कुटुंबासह पॅरिसला गेल्या. प्रथम ग्रांद शोमिएर आणि नंतर एकोल दे बोझार येथे ल्युसियाँ सिमाँ यांच्या हाताखाली त्यांनी शिक्षण घेतले, आणि ‘तरुण मुली’ या त्यांच्या १९३२ मधील चित्राला पॅरिसच्या मोठ्या वार्षिक प्रदर्शनात, ज्याला सालाँ म्हणतात, गौरव लाभला. कुटुंब सोबत असणे, फ्रेंच भाषा अवगत असणे आणि आर्थिक चिंता नसणे या तिन्ही गोष्टी त्यांना अनुकूल होत्या. सर्वसामान्य मराठी मुलीच्या वाट्याला त्या येत नाहीत.

तरीही त्यांच्या वाटचालीतून जो धडा मिळतो तो सर्वांना लागू पडतो. १९३४ च्या अखेरीस त्या भारतात परतल्या, अजिंठा-वेरूळ आणि दक्षिण भारत त्यांनी पाहिला, आणि पॅरिसमध्ये कमावलेली देहरचनेची जाण त्यांनी भारतीय खेड्यातील माणसांकडे वळवली. पंजाबमधील अमृतसर येथे रंगवलेल्या ‘तीन मुली’ या १९३५ च्या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. तंत्र त्यांना पॅरिसने दिले, विषय आणि रंगांची धग मात्र मायदेशी परतल्यावर सापडली.

प्रफुल्ला डहाणूकर: बांदोडे, मुंबई, पॅरिस

मराठी वाचकाला अधिक जवळचे वाटावे असे उदाहरण प्रफुल्ला डहाणूकर यांचे आहे. पूर्वाश्रमीच्या प्रफुल्ला जोशी यांचा जन्म १ जानेवारी १९३४ रोजी गोव्यातील बांदोडे येथे झाला. जे. जे. कलाशाळेतून १९५५ मध्ये त्यांनी सुवर्णपदकासह पदविका मिळवली, आणि त्यानंतरची काही वर्षे मुंबईच्या वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत काम केले. ही संस्था त्या काळी चित्रकार, नर्तक, वादक आणि रंगकर्मी यांना अल्प भाड्यात जागा देत असे. एकाच वास्तूत सतारीचा सराव, नाटकाच्या तालमी आणि चित्रकारांचे काम चालत असे. तेथे प्रफुल्लाबाईंनी ज्येष्ठ चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्यासोबत एकाच चित्रशाळेत काम केले. आकृतीचा आधार हळूहळू सोडून केवळ रंग, पोत आणि अवकाश यांतून चित्र घडवण्याचा जो मार्ग गायतोंडे शोधत होते, तो त्यांना इतक्या जवळून पाहता आला.

१९६१ मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर त्या पॅरिसला गेल्या, तेव्हा त्या विशीच्या उत्तरार्धात होत्या आणि कलाशाळा सोडून त्यांना काही वर्षे लोटली होती. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण अभ्यासक्रम नुकताच संपवलेली विद्यार्थिनी आणि स्वतःच्या बळावर काही वर्षे काम केलेली चित्रकर्ती यांच्या शिकण्यात मोठा फरक असतो. पहिलीला काय शिकायचे हे शाळा सांगते, तर दुसरीला आपल्या कामात काय अडते हे आधीच ठाऊक असते.

पॅरिसमध्ये त्यांनी आतेलिए १७ या कार्यशाळेत मुद्राचित्रणाचा अभ्यास केला. आतेलिए म्हणजे चित्रकाराची कार्यशाळा, आणि १७ हा अंक तिच्या एकेकाळच्या जागेचा घरक्रमांक. स्टॅन्ली विल्यम हेटर या इंग्लिश मुद्राचित्रकाराने १९२७ मध्ये पॅरिसमध्ये सुरू केलेली ही कार्यशाळा महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कला हलली आणि १९५० मध्ये पुन्हा पॅरिसला परतली. तिचे वैशिष्ट्य असे की तेथे वर्ग, इयत्ता आणि परीक्षा यांची उतरंड नव्हती; नवखे विद्यार्थी आणि नामवंत कलावंत एकाच टेबलाशी, एकाच यंत्रावर काम करीत, आणि तंत्रातील नवा शोध सर्वांचा समजला जाई.

रंगांच्या घट्टपणाचे शास्त्र

या कार्यशाळेत काय शिकले जाई, हे समजण्यासाठी मुद्राचित्रणाची कृती थोडक्यात पाहणे इष्ट आहे. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर पोलादी टोकदार हत्याराने रेषा कोरतात, किंवा पत्र्यावर मेणासारखा थर देऊन त्यावर सुईने चित्र काढतात आणि मग पत्रा आम्लात बुडवतात. जेथे थर खरवडला गेला आहे तेथे आम्ल धातू खाते आणि खाच पडते. या दुसऱ्या पद्धतीला एचिंग म्हणतात. खाचांत शाई भरून, वरची शाई पुसून, ओलसर कागद पत्र्यावर ठेवून दोन जड लाटांमधून दाबून काढला की खाचेतील शाई कागदावर उतरते. एकाच पत्र्यावरून अनेक प्रती निघतात आणि प्रत्येक प्रत मूळ कलाकृतीच मानली जाते.

अनेक रंगांची प्रत काढण्यासाठी पूर्वी प्रत्येक रंगाला वेगळा पत्रा लागत असे. आतेलिए १७ मध्ये मूळचे आंध्रचे कृष्णा रेड्डी आणि मुंबईचे कायको मोती या दोन भारतीय कलावंतांच्या मोठ्या सहभागाने जी रीत विकसित झाली, तिच्यात एकाच पत्र्यावरून अनेक रंग एकदम छापता येऊ लागले. तेल अधिक घातलेली पातळ शाई आणि तेल कमी असलेली घट्ट शाई एकमेकींत सहज मिसळत नाहीत, हे या रीतीचे मूळ तत्त्व आहे. पत्रा वेगवेगळ्या खोलीपर्यंत कोरून घेतात. कठीण रबराचा रूळ केवळ वरच्या पातळीला रंग देतो, तर मऊ रूळ खोल भागापर्यंत पोहोचतो, आणि शायांचा घट्टपणा निरनिराळा ठेवल्याने रंग आपापल्या जागी टिकतात. या कामात हाताचा दाब, शाईचे प्रमाण, हवेतील उष्णता आणि कागदाचा ओलावा यांचा हिशेब जुळावा लागतो. पुस्तक वाचून तो येत नाही, जाणकाराच्या शेजारी उभे राहून पुनःपुन्हा चुकल्यावरच येतो. परदेशी जाण्याचे त्या काळातील एक ठोस कारण हेच होते की अशी यंत्रे, असे पत्रे आणि असे जाणकार एकत्र मिळणारी ठिकाणे जगात मोजकीच होती.

प्रफुल्लाबाई पॅरिसमध्ये राहिल्या नाहीत. मुंबईला परतून त्यांनी अमूर्त निसर्गाचा आभास देणारी चित्रे आणि भित्तिशिल्पे केली, तसेच आर्ट सोसायटी ऑफ इंडिया व जहांगीर कलादालन यांच्या कारभारात दीर्घकाळ जबाबदारी उचलून नव्या चित्रकारांना साहाय्य केले. १ मार्च २०१४ रोजी त्यांचे निधन झाले. परदेशी शिक्षणाचे फळ एका व्यक्तीपुरते न राहता संस्थांतून पुढच्या पिढीपर्यंत कसे पोहोचते, याचा त्यांचे जीवन हा उत्तम दाखला आहे.

त्याच सुमारास मुंबईच्या कलावर्तुळातील आणखी काही तरुणी याच वाटेने गेल्या. नसरीन मोहमदी १९५४ ते १९५७ या काळात लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये आणि पुढे १९६१ ते १९६३ मध्ये पॅरिसमध्ये शिकल्या. नलिनी मलानी यांनी १९६९ मध्ये जे. जे.ची पदविका घेतल्यावर १९७० ते १९७२ ही वर्षे फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसमध्ये घालवली. या दोघीही भुलाभाई संस्थेच्या वातावरणात वावरल्या होत्या. एका शहरातील एक खुली वास्तू आणि एका परक्या सरकारची शिष्यवृत्ती एवढ्या दोन आधारांवर भारतीय आधुनिक कलेतील किती महत्त्वाची कामे उभी राहिली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आजची चित्रशाळा कशी चालते

आज परदेशी कलाशाळेत दाखल होणाऱ्या विद्यार्थिनीपुढचा पहिला टप्पा कामांच्या संचाचा असतो, ज्याला सर्वत्र पोर्टफोलिओ म्हणतात. आपल्याकडील प्रवेशपरीक्षेत ठरावीक वेळेत ठरावीक विषयावर नीटनेटके चित्र पूर्ण करण्याला महत्त्व असते. युरोपातील पुष्कळ शाळा त्याऐवजी कच्ची रेखाटने, फसलेले प्रयत्न, टिपणवह्या आणि एकाच विषयाचा दीर्घकाळ केलेला पाठपुरावा पाहतात, कारण त्यांना विद्यार्थिनीची विचार करण्याची रीत तपासायची असते. यासोबत एक निवेदनही लिहावे लागते, ज्यात आपण काय करतो आणि का करतो हे स्पष्ट करायचे असते. गुळगुळीत चित्रांचा संच घेऊन गेलेल्या अनेक गुणी मुली येथे अडखळतात.

प्रवेशानंतर शिकवण्याची तऱ्हाही वेगळी असते. जर्मनीतील अकादम्यांत विद्यार्थी एखाद्या प्राध्यापकाच्या वर्गात दाखल होतो आणि बहुतेक वर्षे त्याच वर्गात काढतो. डसेलडॉर्फची अकादमी, जिचा आरंभ अठराव्या शतकात झाला, ही याच परंपरेतली आहे. शिक्षणाच्या शेवटी निवडक विद्यार्थ्यांना त्या प्राध्यापकाचा ‘श्रेष्ठ शिष्य’ असा किताब मिळतो. फ्रान्समधील सार्वजनिक कलाशाळांत तीन वर्षांची पहिली आणि एकूण पाच वर्षांची वरची पदवी अशी रचना आहे, आणि बहुतेक ठिकाणी फ्रेंच भाषेचे चांगले ज्ञान लागते. ब्रिटनमध्ये पदवी साधारणपणे तीन वर्षांची असते, आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम एक ते दोन वर्षांचा असतो.

या सर्व ठिकाणी शिक्षणाचा कणा असते ती सामूहिक चिकित्सा, जिला विद्यार्थी ‘क्रिट’ म्हणतात. विद्यार्थिनी आपले काम भिंतीवर लावते, सहाध्यायी आणि प्राध्यापक त्यावर तासभर बोलतात, आणि तिला प्रत्येक निर्णयाचे कारण विचारले जाते. ज्या मुलीला लहानपणापासून मोठ्यांसमोर उलट बोलू नये असे शिकवलेले असते, तिला आरंभी हा प्रसंग कठोर वाटतो. प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारण्याची तेथील रीतही सर-मॅडम म्हणण्याची सवय असलेल्या जिभेला जड जाते. परंतु आपल्या कामाची बाजू शांतपणे मांडणे, टीका आणि अपमान यांत भेद करणे, आणि पटलेली सूचना स्वीकारून न पटलेली नाकारणे ही तिची खरी कमाई ठरते. शेवटच्या वर्षी पदवीप्रदर्शन भरते. त्यात काम कसे टांगावे, प्रकाश कसा द्यावा आणि माहितीफलक कसा लिहावा हे सर्व तिला स्वतः करावे लागते, आणि कलादालनांचे प्रतिनिधी ते पाहायला येतात.

पैसा, नियम आणि दिनक्रम

खर्चाच्या बाबतीत देशादेशांत फार अंतर आहे. ब्रिटन आणि अमेरिकेत परदेशी विद्यार्थ्यांना भरमसाट शुल्क पडते, तर जर्मनीतील बहुतेक सरकारी कलासंस्थांत शिक्षणशुल्क नसते किंवा अत्यल्प असते. बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. शुल्क नसले तरी राहण्याचा खर्च दाखवावा लागतो. जर्मनीच्या व्हिसासाठी सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो एका बंदिस्त खात्यात ठेवण्याची अट आहे, ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते. इटलीत कुटुंबाच्या उत्पन्नावर आधारलेल्या प्रादेशिक शिष्यवृत्त्या परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळू शकतात.

भारतातून मिळणारे आधारही आहेत. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असून तिच्यात दरवर्षी ७५ विद्यार्थी निवडले जातात. इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्त समाजांसाठीही शासनाच्या स्वतंत्र योजना आहेत. टाटा निधी कर्जरूप शिष्यवृत्ती देतो, आणि इनलॅक्स शिवदासानी प्रतिष्ठान व ब्रिटनमधील शिक्षणासाठीचा चार्ल्स वॉलेस न्यास या संस्था कलाक्षेत्राला विशेष अनुकूल आहेत. प्रत्येक योजनेच्या अटी, वयोमर्यादा आणि मान्य अभ्यासक्रम वेळोवेळी बदलतात, म्हणून त्या वर्षीची मूळ जाहिरात वाचूनच अर्ज करणे आवश्यक आहे.

अर्धवेळ काम करून खर्च भागवण्यालाही मर्यादा आहेत. ब्रिटनमध्ये पदवी स्तरावरील विद्यार्थ्याला सत्राच्या काळात आठवड्याला २० तास, फ्रान्समध्ये वर्षाला ९६४ तास आणि जर्मनीत २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येते. कलेच्या विद्यार्थिनीने लक्षात ठेवावे असे विशेष म्हणजे ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला मनाई आहे, त्यामुळे चित्रे विकून नियमित कमाई करण्याचा विचार तेथे नियमांत बसत नाही.

दिनक्रमात या सर्वांचा ताण जाणवतो. कॅनव्हास, तैलरंग, पत्रे आणि छपाईचे कागद महाग असल्याने जेवणाच्या पैशांतून रंगांची तजवीज होते. हिवाळ्यात उत्तर युरोपात दुपार सरताच अंधार पडतो आणि आटपाडीभोवतालच्या माणदेशाच्या कडक उन्हात घडलेल्या डोळ्याला मंद करडा प्रकाश अनोळखी असतो. अनेकींच्या रंगपेटीत याच काळात बदल होतो. एकटेपण, भाषेची धास्ती, भाड्याच्या खोलीतील अडचणी आणि सणावाराची ओढ हे अनुभव कोणत्याही विद्यार्थ्याचे असतात, पण कलेच्या विद्यार्थिनीला त्यांना सामोरे जात असतानाच त्यांतून काम निर्माण करायचे असते, म्हणून मानसिक आरोग्याची काळजी घेणे, शाळेतील समुपदेशकाकडे निःसंकोच जाणे आणि घरच्यांशी मोकळेपणे बोलत राहणे हे तिच्या अभ्यासाचेच अंग मानले पाहिजे.

आटपाडीच्या मुलीसाठी

आटपाडी, खानापूर आणि माण या पट्ट्याला दूर जाण्याची सवय जुनी आहे. सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा गलाई व्यवसाय करणारी येथील कुटुंबे भारतभरच्या शहरांत स्थिरावली आहेत, आणि मेंढरे घेऊन दूरवर फिरणाऱ्या धनगर कुटुंबांना तर वर्षाचा मोठा काळ वाटेवरच जातो. म्हणजे परमुलखाची भीती येथे मूळचीच कमी आहे. मुलीने एकटीने आणि कलेसाठी जावे, एवढीच गोष्ट नवी आहे.

या तालुक्याला नजरेचाही वारसा आहे. माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर यांनी १९४९ मध्ये ‘माणदेशी माणसे’ आणि १९५५ मध्ये ‘बनगरवाडी’ लिहून या भूमीचे बारकावे सर्व महाराष्ट्राला दाखवले, आणि ते स्वतः रेखाटनेही करीत. आटपाडीचे शंकरराव खरात यांनी याच भूमीतील वंचितांचे जीवन साहित्यात आणले. माणगंगेचे कोरडे पात्र, खिल्लार जनावरांचा बाजार, घोंगडीच्या काळ्या-पांढऱ्या लोकरीचे पट्टे, खरसुंडीची यात्रा आणि टेंभू योजनेच्या पाण्याने हिरव्या झालेल्या डाळिंबाच्या बागा हे सर्व चित्रकाराचे अस्सल साहित्य आहे. परदेशी शाळेत निवडीच्या वेळी जे काम उठून दिसते ते अशाच जवळून पाहिलेल्या, पुनःपुन्हा रेखाटलेल्या जगाचे असते.

तयारीचे टप्पे तालुक्याच्या पातळीवरच सुरू होतात. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांत स्मरणचित्र, संकल्पचित्र, वस्तूंचे चित्रण, भूमिती आणि अक्षरलेखन यांचा पाया घातला जातो, आणि दहावीला त्याचे वाढीव गुणही मिळतात. पण गुणांसाठी परीक्षा देऊन तेथेच थांबणाऱ्या मुली फार असतात. त्यांतील एखादीला पुढे कोल्हापूरच्या कलानिकेतन किंवा दळवीज् आर्ट इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेत, अथवा २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या जे. जे.मध्ये जाता यावे, यासाठी चित्रकला शिक्षकाचे मार्गदर्शन आणि पालकांचा विश्वास लागतो. औंधच्या संग्रहालयाची शालेय सहल, रोज एक रेखाटन करण्याची वही, आणि इंग्रजीसोबत आणखी एका युरोपीय भाषेची ओळख या गोष्टींना फारसा पैसा लागत नाही, पण त्यांचा परिणाम दूरवर पोहोचतो.

भवानरावांच्या काळी कलेचा आश्रय एका राजाच्या इच्छेवर अवलंबून होता, आणि प्रफुल्लाबाईंच्या काळी तो मुंबईतील एका संस्थेवर व परदेशी शिष्यवृत्तीवर होता. आता ती जबाबदारी शाळा, शासन आणि समाज यांच्यात विभागली गेली आहे. चित्रकलेचा तास इतर विषयांसाठी वापरून टाकणारी शाळा आणि रिक्त राहिलेले चित्रकला शिक्षकाचे पद या दोन गोष्टी एखाद्या मुलीची वाट ती सुरू होण्याआधीच बंद करतात. म्हणून परदेशी कलाशिक्षणाची काळजी वाहणाऱ्यांनी प्रथम आपल्या तालुक्यातील चित्रकलेच्या वर्गाकडे पाहिले पाहिजे, तेथे शिक्षक, कागद आणि वेळ आहे याची खात्री केली पाहिजे, आणि शिष्यवृत्त्यांची माहिती दहावी-बारावीच्या मुलींपर्यंत त्यांच्याच भाषेत वेळेवर पोहोचवली पाहिजे. एवढे झाले तर पॅरिस, फ्लॉरेन्स किंवा डसेलडॉर्फ ही नावे माणदेशातील मुलीला दूरची राहणार नाहीत, आणि तेथून ती जे शिकून येईल त्याचा उपयोग या भूमीलाही होईल.